सेल्फ खोलण्याआधी: जुन्या ट्रॅक्टरचा स्टार्टर दुरुस्त करताना

गोठ्यामागच्या उतारावर, चाकाखाली दगड देऊन उभा केलेला ट्रॅक्टर दिसला की समजावं, याचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, कुरकुरतोय. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळू द्यायचा आणि वरच्या गिअरात क्लच सोडायचा. कितीतरी जुन्या महिंद्रा, मॅसी, स्वराज, एचएमटी असा अख्खा हंगाम काढतात. पण उसाची भरलेली ट्रॉली मागे असताना सपाट रस्त्यावर इंजिन बंद पडलं की ही युक्ती संपते. शिवाय एवढं जड यंत्र नुसत्या दगडाच्या भरवशावर उतारावर ठेवायचं, आणि त्याच अंगणात पोरं खेळायची, हे बरं नव्हे.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की खोलून वाइंडिंगवाल्याकडे नेलेल्या सेल्फमध्ये पुष्कळदा दोष नसतोच. तो असतो बॅटरीच्या खांबावरच्या पांढऱ्या थरात, आतून हिरव्या पडलेल्या केबलमध्ये, नाहीतर रंगाखाली दबलेल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे मायनसच्या बॉडीशी असलेल्या जोडात. मग नवा सेल्फ बसवूनही दुखणं आठ दिवसांत परत येतं. म्हणून क्रम ठरवून घ्या: बॅटरी, टर्मिनल आणि केबल, अर्थिंग, चावीची लाइन, सोलेनॉइड (चावी फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच), आणि सगळ्यात शेवटी सेल्फ. एक मल्टीमीटर, बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजणारा एक हायड्रोमीटर, होल्डरला दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब, १० ते १९ नंबरचे पाने, वायर ब्रश आणि पॉलिश पेपर एवढं सामान पुरतं.

हात लावण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागी घ्या. गिअर आणि हाय-लो दोन्ही न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद. तपासणीच्या वेळी इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेलचा स्टॉपर ओढून बांधून ठेवा. जमिनीवर उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट शॉर्ट करून ट्रॅक्टर चालू करायची सवय खेडोपाडी आहे, ती आजपासून सोडा. असं करताना न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. गिअर अडकलेला असेल तर इंजिन पेट घेताच ट्रॅक्टर पुढे येतो, आणि माणूस नेमका मागच्या चाकासमोर उभा असतो. यात माणसं गेली आहेत.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. बॅटरी सोडवताना आधी मायनस, नंतर प्लस; जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. मायनस आधी सुटलेला असला की प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. काही फार जुन्या परदेशी ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला जोडलेला असतो, तिथे हा क्रम उलटा. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी-काडी अजिबात नको, तिच्यातून हायड्रोजन सुटत असतो.

आवाज काय सांगतो

हेडलाइट लावा, चावी फिरवा, एका माणसाला लाइटकडे बघायला सांगा. निम्मं निदान इथेच होतं.

आवाज नाही, लाइटही नाही: बॅटरी पूर्ण उतरलीय किंवा टर्मिनल सुटलंय.

आवाज नाही, पण लाइट जराही मंदावत नाही: सोलेनॉइडपर्यंत करंट पोचत नाही. चावी, सेफ्टी स्विच, बारीक वायर किंवा सोलेनॉइडची कॉइल.

"कटकटकटकट" असा भराभर आवाज: बॅटरी कमजोर किंवा जोड खराब. सोलेनॉइड ओढला जातो, मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, भार गेला की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. हेच सेकंदाला अनेकदा होत राहतं. हा आवाज ऐकून सेल्फ खोलू नका.

एकच जोरदार "ठक" आणि मग शांतता: यात लाइट तसाच राहिला तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन संपलेत. लाइट एकदम मरगळला तर बॅटरीत दम नाही, नाहीतर मोटर जाम आहे, क्वचित इंजिनच अडकलेलं.

मोटर "सुंईं" करून फिरते, इंजिन हलत नाही: पिनियनचा (सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाचा) वन-वे क्लच घसरतोय किंवा त्याला पुढे ढकलणारा फोर्क तुटलाय.

"खर्रर्र" असा दात खाल्ल्याचा आवाज: रिंग गिअरचे (इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्याचे) किंवा पिनियनचे दात झिजलेत, किंवा सेल्फचे बोल्ट ढिले आहेत.

इंजिन चालू झालं तरी सेल्फ सुटत नाही: कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा चावी परत येत नाही. इंजिन बंद करून लगेच बॅटरीची केबल काढा, वाट बघाल तर काही क्षणांत आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) जळतं. एवढ्यासाठी तरी बॅटरीच्या लाइनवर कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा.

बॅटरी

रात्रभर शांत उभ्या असलेल्या, भरलेल्या बॅटरीच्या खांबांवर १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त मिळतं. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. नुकतीच चार्जरवरून काढलेली बॅटरी खोटा आकडा दाखवते, तिला तीन-चार तास बसू द्या. हायड्रोमीटरने सहाही खण तपासा. भरलेल्या खणात १.२४० ते १.२८० च्या दरम्यान आकडा येतो. पण खरं पाहायचं ते खणाखणातलं अंतर. पाच खण १.२५० आणि एक १.१८० असेल तर तो खण मेलाय, मग कितीही चार्ज करा, चार दिवसांत बॅटरी पुन्हा बसणार.

पाणी प्लेटांच्या वर १०-१५ मिलिमीटर हवं, आणि ते डिस्टिल्डच. बोअरचं क्षारयुक्त पाणी घातलं की बॅटरीचं आयुष्य संपलंच म्हणून समजा. ॲसिड वरून घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी. चार्जिंगचा दर क्षमतेच्या एक दशांश धरा: ८८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ८-९ अँपिअर, पूर्ण उतरली असेल तर दहा-बारा तास. घाईघाईत वीस-पंचवीस अँपिअरने भरली तर प्लेटा वाकतात.

आता भाराखाली परीक्षा. स्टॉपर ओढलेला ठेवून पाच सेकंद सेल्फ मारा आणि मीटर बॅटरीच्या खांबांवर ठेवा. १० व्होल्टच्या वर राहिलं तर बॅटरी धडधाकट आहे. ९.६ च्या खाली गेलं तर आधी चार्ज करून पुन्हा पाहा. भरलेली असूनही खाली जात असेल तर बॅटरी बदला, किंवा मोटर जाम होऊन जास्त करंट खात नाही ना ते पुढे तपासा. निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीची पहाट गोठवते. तिथे उन्हाळ्यात कशीबशी चालणारी बॅटरी पहिल्याच थंडीत हात टेकते. गारठ्यात तिची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन जास्त जोर मागतं.

केबल आणि अर्थिंग: खरा चोर इथे सापडतो

या भागाला वेळ द्या. तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशे ते तीनशे अँपिअर सहज खातो. वाटेत कुठेही ०.०१ ओहम एवढा अडथळा आला तरी २५० अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच जळून जातात. एवढा बारीक अडथळा मल्टीमीटरच्या ओहमच्या काट्यावर दिसतच नाही, मीटर केबल ठीक म्हणतो. टेस्ट बल्बही लख्ख पेटतो, कारण बल्बला लागतं एक-दोन अँपिअर. म्हणून मोजायचं ते भार असताना, व्होल्टेजची गळती म्हणून.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबाच्या शिशावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. काळं टोक सोलेनॉइडमधून मोटरकडे जाणाऱ्या जाड बोल्टवर. चावी फिरवायच्या आधी मीटर बारा व्होल्ट दाखवेल, घाबरू नका, सोलेनॉइड उघडा असताना तसंच दिसतं. सेल्फ मारताना आकडा ०.५ च्या आत हवा. जास्त आला तर तुकड्या-तुकड्याने मोजा: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी), थिंबल ते सोलेनॉइडचा बोल्ट, आणि सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये. जिथे आकडा उडी मारतो, तिथे दोष. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये ०.३ च्या वर गेलं तर कॉन्टॅक्ट खराब.

आता मायनसची बाजू, जिच्याकडे कुणी बघत नाही. काळं टोक मायनस खांबावर, लाल टोक सेल्फच्या उघड्या लोखंडी बॉडीवर. सेल्फ मारताना ०.३ च्या आत हवं. जुन्या ट्रॅक्टरला हौसेने रंग दिला की इथे हमखास घोळ होतो. अर्थिंगचा बोल्ट चेसिसवर असतो, चेसिस आणि इंजिन यांच्यामध्ये रंगाचा नाहीतर गंजाचा पडदा. उपाय साधा आहे: मायनस खांबावरून सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत थेट स्वतंत्र केबल टाका, आणि दोन्ही टोकांखालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासा.

केबल तांब्याची, ३५ चौरस मिलिमीटरची तरी हवी, ५० ची मिळाली तर उत्तम. तांब्याची वेल्डिंग केबल चालते, ॲल्युमिनियमची नको. जुन्या केबलचं थिंबल हाताने वळवून पाहा. क्लॅम्पजवळ रबर फुगलेलं लागलं तर तिथे दोन इंच रबर कापा. आतल्या तारा तांबूस नसून हिरव्या-काळ्या आणि बोटात चुरगळणाऱ्या निघाल्या तर ती केबल संपली. ॲसिड रबराखालून आत चढत जातं, बाहेरून केबल नवी दिसते. थिंबल प्रेस करून घ्या. तारा पिळून हातोड्याने ठोकलेला जोड दोन महिने टिकतो.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवा, बूच घट्ट लावून, म्हणजे सोडा खणात जाणार नाही. मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकेपर्यंत घासा, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलिन लावा.

चावीची लाइन

"आवाज नाही पण लाइट तेज" असा प्रकार असेल तर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला टेस्ट बल्ब लावा, दुसरं टोक बॉडीला. चावी फिरवली की बल्ब झगझगीत पेटला आणि तरी "ठक" आलं नाही, तर सोलेनॉइडची कॉइल गेलीय. पेटलाच नाही तर मागे-मागे जा: सेफ्टी स्विचच्या दोन्ही बाजू, मग चावीचा स्विच. सेफ्टी स्विच गिअरबॉक्सवर किंवा क्लचच्या दांड्याजवळ असतो, चिखलाने त्याच्या पिना गंजतात. तो साफ करा, बदला, पण दोन वायरी पिळून कायमचा बाद करू नका.

मंद पेटणारा बल्बही गुन्हेगार दाखवतो. सोलेनॉइड ओढला जाताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर खातो, आणि जुन्या चावीचे कॉन्टॅक्ट त्याने जळतात. इथे १२ व्होल्ट, ४० अँपिअरच्या वरची रिले बसवली की वर्षानुवर्षांची कटकट मिटते: ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीच्या जाड बोल्टवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर, ८७ वरून तसलीच वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. सेफ्टी स्विच ८६ च्या लाइनमध्ये तसाच राहतो.

आता सेल्फ खोला

इथवर सगळं बरोबर निघालं तरच. मायनस काढा, वायरींवर खुणेचे दोरे बांधा, सोलेनॉइडजवळचे बोल्ट सोडा. शेवटचा माउंटिंग बोल्ट काढताना खालून हाताचा आधार द्या, जुने सेल्फ चांगले जड असतात. काढल्यावर त्या भोकातून रिंग गिअर पाहा आणि इंजिन हाताने फिरवत पूर्ण एक फेरा तपासा. झिजलेले दात एकसारखे पसरलेले नसतात. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनपाशी अडून थांबतं, म्हणून तीन सिलेंडरच्या फ्लायव्हीलवर तीन ठिकाणी आणि चार सिलेंडरच्या फ्लायव्हीलवर दोन ठिकाणी दात खाल्लेले सापडतात. "कधी लागतो, कधी नुसता खरखरतो" याचं कारण हेच. रिंग बदलायला ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, ते काम क्लचप्लेट बदलण्याच्या वेळीच उरकून घ्यावं.

सेल्फच्या आत काळं ऑइल भरलेलं असेल तर कार्बन बदलून उपयोग नाही, क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय.

बॉडी आणि दोन्ही झाकणांवर पंचने आडवी खूण करा, मग लांब बोल्ट काढा. कार्बन त्यांच्या घरात सहज सरकले पाहिजेत. मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर चारही एकदम बदला, आणि स्प्रिंग निळी पडलेली असेल तर तीही. नवा कार्बन बसवताना कॉम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागावर) बारीक काचपेपर, खरखरीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि आर्मेचर हाताने फिरवून कार्बनचं तोंड गोलाईला बसवा. एमरी कापड वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात.

कॉम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसा. सारखा तपकिरी दिसला तर छान. एखाद-दुसरी पट्टी जळून काळी पडली असेल तर तिथली वायर तुटलीय. कडेला कथलाचे थेंब उडालेले दिसले तर कुणीतरी खूप वेळ सेल्फ मारत राहिलं आहे. नाली पडली असेल तर लेथवर हलका हात मारून घ्या. पट्ट्यांमधल्या अभ्रकाला मुळात खाच असेल तरच ती पुन्हा अर्धा मिलिमीटर खोल करा. काही सेल्फमध्ये अभ्रक मुद्दाम समपातळीत ठेवलेलं असतं, तिथे करवत चालवायची नाही. मग मीटरने पाहा: कॉम्युटेटर आणि आर्मेचरचा दांडा यांच्यात जोड दिसता कामा नये. दिसला तर आर्मेचर बॉडी झालंय, म्हणजे त्याची वाइंडिंग लोखंडाला टेकलीय. आतल्या आत शॉर्ट आहे का हे मात्र वाइंडिंगवाल्याच्या ग्राउलर या तपासणी यंत्रावरच कळतं.

बुशकडे नीट बघा, कारण हळू फिरणाऱ्या सेल्फचं हे विसरलेलं कारण आहे. बुश झिजले की आर्मेचर खाली बसतं आणि पोलच्या लोखंडाला घासतं. आर्मेचरवर एका बाजूला चकचकीत ओरखडे दिसतील. दांडा बोटाने हलवून कडकड लागली तर बुश बदला. नवा सच्छिद्र ब्राँझचा बुश इंजिन ऑइलमध्ये रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस भिजत ठेवा. मापाच्या गुळगुळीत दांड्यावर चढवून सरळ दाबून बसवा. रीमर फिरवू नका, त्याची छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर येत नाही.

पिनियन एका दिशेने मोकळा फिरायला हवा, उलट दिशेने लगेच अडकायला हवा. दोन्हीकडे फिरत असेल तर पूर्ण ड्राइव्ह (पिनियन आणि क्लचचा जोड) बदला. ड्राइव्ह डिझेलच्या डब्यात बुडवून धुवायची पद्धत चुकीची आहे, क्लचमधलं ग्रीस धुऊन जातं आणि महिन्याभरात तो घसरायला लागतो. फडक्याने पुसा. दांड्याच्या नागमोडी खाचांवर पातळ तेलाचं एक बोट पुरे. जाड ग्रीस थापलं की क्लचप्लेटची धूळ त्यात बसते आणि पिनियन अडकतो.

सोलेनॉइडचं झाकण उघडता येत असेल तर आतली तांब्याची चकती आणि दोन बोल्टांची डोकी पाहा. चकती उलटी करून बसवली, बोल्ट अर्धा फेरा फिरवले की न झिजलेली बाजू कामाला येते. झाकण डागून बंद केलेलं असेल तर सरळ नवा सोलेनॉइड घ्या, पण जुना सोबत नेऊन दांड्याची लांबी जुळवून. फोर्कजवळ जुळवणीचा एक्सेंट्रिक स्क्रू असेल तर काढण्याआधी त्याची जागा कोरून ठेवा.

जोडल्यावर सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट आवळून बॅटरीवर पाच सेकंद फिरवा. हातात किंवा पायाखाली धरून फिरवायचा नाही, सुरू होताना तो एवढा हिसका देतो की मनगट मोडेल.

बसवताना आणि नंतर

सेल्फचं तोंड आणि इंजिनावरची त्याची जागा, दोन्ही रंग-मातीशिवाय उघडं लोखंड हवं. त्याची अर्थिंग तिथूनच होते. बोल्ट आळीपाळीने सारखे आवळा, एक बाजू आधी ओढली तर पिनियन तिरका बसून दात खातो.

स्टॉपर सोडा आणि इंजिन चालू करा. मध्यम आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर फॅनबेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, १०-१५ मिलिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर ताणा. तरीही येत नसतील तर डायनॅमो किंवा ऑल्टरनेटर दाखवा. चार्जिंग न करणारा ट्रॅक्टर नव्या सेल्फलाही आठवड्यात आडवा करतो.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा. तीनदा मारूनही इंजिन पेटत नसेल तर दोष डिझेलच्या लाइनीत आहे: हवा, तुंबलेला फिल्टर, पाणी. ते शोधा. ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहणार असेल तर मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा.

आणि आज मोजलेले चार आकडे, म्हणजे उभ्या बॅटरीचा, सेल्फ मारतानाचा, प्लसच्या बाजूच्या गळतीचा आणि मायनसच्या बाजूच्या गळतीचा, तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा. पुढच्या वेळी सेल्फ कुरकुरला की तेच चार पुन्हा मोजा, कोणता हलला ते लगेच दिसेल.